फुलपाखरं, ऋतू आणि आपलं बडोदं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही पाच-सात जण कामाटीबागेत फुलपाखरं बघायला जमतो. (नकाशावर तिचं नाव सयाजीबाग आहे. पण दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाच्या तोंडी कामाटीबागच येणार.) चालता चालता लोक प्रश्न विचारतात आणि दर रविवारी मी तीच उत्तरं देते, म्हणून एकदाची लिहूनच काढली. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय.

लहानपणी किती फुलपाखरं दिसायची! आता संपलीच का हो?

आधी सांगा, कोणत्या महिन्यात विचारताय? मे महिन्यात विचारलंत तर संपल्यासारखीच वाटतील. पाऊस पडून दोन महिने झाले, की गणपती ते दिवाळीच्या दरम्यान या, मग बोलू. आणि आठवणीवर फार विसंबू नका. लहानपणी आपण गवतात बसून बघायचो, आता स्कूटरवरून बघतो.

पण काळजी खोटी नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षांच्या मोजणीच्या नोंदी एकत्र करून २०२५ मध्ये हिशोब मांडला गेला. ५५४ जातींची मिळून संख्या २००० ते २०२० या वीस वर्षांत २२ टक्क्यांनी घटली होती. हरवलेल्या जागा, कीटकनाशकं आणि हवामान ही तीन कारणं पुढे आली. ती तिन्ही आपल्याकडेही आहेत.

सोसायटीत पूर्वीपेक्षा झाडं जास्त आहेत. मग फुलपाखरं का नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण सगळं घोडं इथेच अडतं. आपल्याला हिरवा रंग दिसतो. फुलपाखराच्या मादीला एक विशिष्ट झाड हवं असतं. ती पानावर उतरते, पायांनी पानाची चव घेते आणि मनासारखं असेल तरच अंडं घालते. त्या पानाव्यतिरिक्त बाकी सगळी बाग तिच्या लेकरांसाठी उपासाची.

प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू रुईवर वाढतं. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतो ना, तीच रुई. शेजारच्या गुजराती बेन तिला आकडो म्हणतात. तिच्या चिकात विष असतं. अळी आधी पान गोल कुरतडून चिकाची वाट तोडते आणि मग आतला भाग निवांत खाते. उरलेलं थोडं विष स्वतःच्या अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. लेमन एमिग्रंट बहाव्यावर, मॉटल्ड एमिग्रंट टाकळ्यावर, लाइम बटरफ्लाय लिंबू, कढीपत्ता आणि बेलावर. कॉमन जेझेबेल तर चक्क बांडगुळावर! आपण बांडगूळ ही शिवी म्हणून वापरतो, तिच्या घरी तो रोजचा वरण-भात आहे.

झाडाने विष बनवायचं, अळीने त्यावर उतारा शोधायचा, मग झाडाने नवं विष काढायचं, ही चढाओढ फार जुनी. पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली ती मांडली आणि ‘सहउत्क्रांती’ हा शब्द तिथून चर्चेत आला. २०२३ साली सुमारे २,३०० जातींची जनुकं तपासून संशोधकांनी फुलपाखरांची वंशावळ रचली. तिच्यानुसार पहिली फुलपाखरं साधारण १० कोटी वर्षांपूर्वी उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या बाजूला उदयाला आली आणि बहुधा शेंगावर्गीय झाडांवर जगत होती. बहावा आणि टाकळा त्याच कुळातले. म्हणजे टाकळ्यावरची अळी घराण्याची जुनी चाल अजून पाळतेय.

आता सोसायटीकडे वळू. आमच्याच आवारात मागच्या भिंतीलगत एक पट्टा होता. टाकळा, घोळ, दोन रुया, कोरांटी. सुशोभीकरणात तो साफ झाला आणि तिथे लॉन आणि क्रोटनच्या कुंड्या आल्या. फोटोत जागा पूर्वीपेक्षा हिरवी दिसते. मी मीटिंगमध्ये बोलले, पण “काकू, तिथे साप येतात” या वाक्यापुढे फुलपाखरांचं काय चालणार? त्या कोपऱ्यातल्या प्लेन टायगरसाठी ती जागा त्या दिवशी ओसाड झाली.

कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात. मारू का?

नको. दोन-चार पानं जातील, फोडणीपुरती उरतात.

उलट एक करून बघा. लाइम बटरफ्लायची लहान अळी काळपट-पांढरी, अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत गेली की हिरवीगार होते. या हिरव्या अळीला काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून दोन शिंगांसारखा मऊ अवयव बाहेर काढते आणि आंबट-उग्र वास सोडते.

खरी गंमत कोषाची. दोन वर्षांपूर्वी माझ्या कुंडीतल्या दोन अळ्यांनी एकाच दिवशी खाणं थांबवलं. एकीने कढीपत्त्याच्या हिरव्या काडीवरच कोष केला, तो पोपटी झाला. दुसरी चालत चालत खिडकीच्या जुन्या, खरखरीत चौकटीवर गेली. तिचा कोष तपकिरी, जणू लाकडाचाच कपचा. रंगकाम करणारा मुलगा पॉलिश पेपर घेऊन तिथपर्यंत आला होता, तरी त्याला दिसला नाही. मीच ओरडले म्हणून वाचला. एकाच कुंडीत, एकाच पानांवर वाढलेल्या अळ्या, पण जागेचा पोत आणि रंग वेगळा मिळाला म्हणून कोषही वेगळा. परिसर आणि शरीर यांचं नातं पाहायला याहून सोपी प्रयोगशाळा नाही.

पावसाळ्यात ठिपकेवालं आणि थंडीत वाळक्या पानासारखं, ही दोन वेगळी फुलपाखरं का?

दिवेलागणीला घरात शिरून ट्यूबलाइटभोवती धडपडणारं तपकिरी फुलपाखरू, त्याच्याबद्दल विचारताय. ते कॉमन ईव्हनिंग ब्राउन. जात एकच, कपडे दोन. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीचे ठिपके जवळजवळ पुसले जातात आणि पंख हुबेहूब सुकलेल्या पानाचे होतात. पीकॉक पॅन्सीचंही तेच, शिवाय तिच्या पंखांची कडासुद्धा कोरड्या दिवसांत पानाच्या टोकासारखी कोरीव होते.

कारण पायाखालची जमीन बदलते. पावसाळ्यात हिरव्या गवतावर तपकिरी अंग लपवता येत नाही, तेव्हा पंखांच्या कडेला खोटे डोळे बरे. शत्रूची झडप त्यांच्यावर पडते, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रार्थनाकीटक या ठिपक्यांना नेमके फसले. कोरड्या दिवसांत मात्र पाचोळ्यावर गप्प पडून राहायचं असतं. तिथे ठळक ठिपका म्हणजे चोराने कंदील घेऊन फिरण्यासारखं.

हे अळीला आधी कसं कळतं? आफ्रिकेतल्या बायसायक्लस नावाच्या नातेवाइकावर पॉल ब्रेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. अळी साधारण २७ अंशांत वाढवली तर पावसाळी रूप येतं, १७ ते १९ अंशांत वाढवली तर कोरडं. कोषातल्या संप्रेरकाची वेळ तापमानाने मागेपुढे होते आणि ठिपक्याचा आकार तिथे ठरतो. मलावीसारख्या ठिकाणी पाऊस संपताना गारवा येतो, म्हणून गारवा हीच पुढच्या कोरड्या दिवसांची वर्दी.

हा हिशोब जसाच्या तसा बडोद्याला लावू नका. आपला कोरडा ऋतू जानेवारीत गार आणि मेमध्ये भाजणारा. पण त्यातला धोका मात्र आपल्यालाही लागू आहे. अळी पाऊस मोजत नाही, पावसाची खूण वाचते. हवामान बदलून खूण आणि पाऊस यांची फारकत झाली, तर हिरव्या गवतावर वाळक्या पानाचा अंगरखा घालून बसायची वेळ येणार.

मग हीच उत्क्रांती ना?

नाही. इथे खूप गल्लत होते, वर्तमानपत्रांतसुद्धा. थंडीत आपण स्वेटर घालतो म्हणून आपली जनुकं बदलत नाहीत. ईव्हनिंग ब्राउनची दोन रूपं हे एकाच जनुकसंचाचे दोन पोशाख आहेत. पिढ्यांमागून पिढ्या ठरावीक जनुकं असणारेच जास्त जगले आणि त्यांचीच संतती वाढत गेली, तर ती उत्क्रांती.

मात्र दोन्हींमध्ये पक्की भिंतही नाही. अमेरिकेतल्या बकआय नावाच्या पॅन्सीवर २०२० साली प्रसिद्ध झालेलं काम बघा. हे फुलपाखरू उन्हाळ्यात फिकट आणि शरदात लालसर असतं. संशोधकांनी निवडून निवडून पैदास केली, तेव्हा कोणत्याही ऋतूत लालच राहणारा वंश तयार झाला. पूर्वी ऋतूच्या इशाऱ्यावर येणारा रंग कायमचा अंगात मुरला. स्वेटर अंगालाच चिकटावा तसं.

पण उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात. हवामान तर आपल्यादेखत बदलतंय.

लाखो वर्षं लागतातच असं नाही. सामोआ बेटांवर ग्रेट एगफ्लाय नावाचं फुलपाखरू आहे. ते आपल्याकडेही दिसतं, काळ्या पंखांवर निळी झाक असलेले पांढरे डाग. तिथे त्याच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहत आणि नर अंड्यातच मारून टाकत. २००१ साली शंभरात एखादाच नर उरला होता. मग जीवाणूला आवर घालणारं जनुक पसरलं आणि २००६ पर्यंत नर जवळपास ४० टक्क्यांवर आले. म्हणजे दहाएक पिढ्या. परिसर म्हणजे फक्त ऊन-पाऊस नव्हे, पोटातला जीवाणू हाही परिसरच.

आता दुसरी गोष्ट. ही ऐकून आमच्या गटातले आशावादी लोक जरा गप्प होतात. अमेरिकेतल्या नेवाडात एक कुरण आहे. तिथलं एडिथ्स चेकरस्पॉट नावाचं फुलपाखरू पूर्वी एका लहान रानटी रोपावर अंडी घालायचं. ते रोप उन्हाळा चढला की वाळून जायचं आणि अळ्या उपाशी मरायच्या. गुराखी आले, गुरांबरोबर युरोपातलं एक नवं तण आलं. हे तण आपल्या इसबगोलाची चुलत बहीण. ऊंझ्याच्या बाजाराची ख्याती ऐकून असाल, त्याच इसबगोलाची. तण जास्त दिवस हिरवं राहायचं, म्हणून त्यावरच्या अळ्या जगायच्या. हळूहळू नवं रोप पसंत करणाऱ्या माद्यांचीच संख्या वाढली आणि शेवटी जुन्याकडे कुणी ढुंकून पाहीना. उत्क्रांती झाली आणि अगदी शहाणपणाची झाली.

मग २००५ च्या सुमाराला मालकाने गुरं काढून घेतली. गवत उंच वाढलं, तण त्याच्या सावलीत गेलं, जमिनीलगत गारठा आला. उबेवाचून अळ्या टिकल्या नाहीत आणि तिथली सगळी फुलपाखरं नाहीशी झाली. जुनं रोप तिथेच होतं, पण ते खाण्याची ओढ विरून गेली होती. काही वर्षांनी बाहेरून दुसरी फुलपाखरं आली. ती जुन्या रोपावर अंडी घालणारी होती. मायकल सिंगर आणि कॅमिल पार्मेझान यांनी २०१८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. फुलपाखरं वेगाने बदलू शकतात हे खरं. पण माणसाने घातलेल्या ताटाची सवय लागली आणि माणसाने ताट उचललं, की बदलायला पुरेसा वेळ मिळत नाही.

उष्णता वाढली तर त्यांचं बरंच ना? ऊन त्यांना आवडतं.

सकाळचं आवडतं. उडायचे स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पंख नीट चालत नाहीत, म्हणून ती पंख उघडून उन्हात बसतात. बडोद्याच्या मेमध्ये प्रश्न उलटा असतो. पारा ४२-४३ वर गेला की दुपारभर ती सावलीत, पंख मिटून.

थंड प्रदेशांत काय झालं याची नोंद आहे. युरोपातल्या स्थलांतर न करणाऱ्या ३५ जाती तपासल्या, तेव्हा ६३ टक्के जातींची हद्द विसाव्या शतकात ३५ ते २४० किलोमीटर उत्तरेला सरकलेली आढळली. हे १९९९ सालचं काम.

मग आपलीही सरकतील. त्यात काय बिघडलं?

काही सरकतील, नव्हे सरकलीच. टॉनी कॉस्टर हे विटकरी, काळ्या ठिपक्यांचं, संथ उडणारं फुलपाखरू बघा. गॅलरीत कृष्णकमळाचा वेल असेल तर त्याच्या काटेरी अळ्यांनी तो कधीतरी फस्त केलाच असेल. मूळचं भारत-श्रीलंकेकडचं. थायलंड, मलेशिया, सिंगापूर असं करत २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ पोचलं. लाइम बटरफ्लाय २००४ साली कॅरिबियन बेटांवर सापडलं आणि तिथल्या लिंबाच्या बागायतदारांची झोप उडाली. दोघांचंही बलस्थान एकच, त्यांचं खाणं माणसाने जिथे तिथे लावून ठेवलंय.

ज्यांचं पोट एका रानवेलीवर अवलंबून आहे त्यांचं तसं नाही. क्रिमझन रोझला ईश्वरीचा वेल हवा. जांबुघोड्याच्या जंगलातून निघून शेतं, कारखाने आणि हायवे ओलांडत जायचं म्हटलं तर मध्ये वेल लागतात कुठे? इल्का हान्स्की यांनी फिनलंडच्या ऑलंड बेटांवर हजारो छोट्या कुरणांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. एकेका कुरणातली फुलपाखरं संपत, शेजारच्या कुरणातून पुन्हा येत. म्हणजे एखाद्या जागेतून ती गेली हा धक्का नसतो, शेजार तुटणं हा धक्का असतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीकाठचा आमचा नेहमीचा पट्टा गाळाखाली गेला, अंडी-अळ्यांसकट. पुढच्या पावसाळ्यात तिथे पुन्हा पिवळी फुलपाखरं आली, कारण जवळच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकळा शिल्लक होता. त्या प्लॉटवर आता पाया खणलाय.

सरळ कुंपण घालून जागा राखून ठेवली तर?

आत काय होतं ते माहीत असेल तर घाला. इंग्लंडात लार्ज ब्लू फुलपाखरू वाचवायला काही जागांना कुंपण घातलं गेलं, संग्राहकांनी पकडू नये म्हणून. त्याची अळी मुंग्यांच्या एका ठरावीक जातीच्या वारुळात, मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. त्या मुंगीला आखूड चरलेलं, उन्हाने तापलेलं गवत लागतं. कुंपणाने गुरं थांबली, सशांमध्ये रोग पसरून तेही घटले, गवत वाढलं, माती गार झाली, मुंगी गेली आणि १९७९ मध्ये फुलपाखरूही गेलं. जेरेमी थॉमस यांनी हे कोडं सोडवलं. पुढे स्वीडनहून अळ्या आणून १९८३ पासून त्याला पुन्हा वसवायला सुरुवात झाली, पण आधी गुरं चारून.

काळ्या फुलपाखराची मादी दुसऱ्याच जातीसारखी का दिसते?

कॉमन मॉर्मन. तिची तीन रूपं असतात. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. दोन्ही रोझ विषारी, त्यामुळे नक्कल फायद्याची. हे सगळं मुख्यतः एकाच जनुकाच्या हाती असतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. जनुकाचं नाव डबलसेक्स. पण नक्कल खपते ती अस्सल माल आसपास असेल तोवर. रोझचा वेल तुटला की वेषांतर करणाऱ्या मॉर्मनलाही तोटा.

पतंग आणि फुलपाखरू एकच का?

गुजरातीत फुलपाखराला पतंगियुं म्हणतात, आपण रात्री दिव्यावर येणाऱ्या पाहुण्याला पतंग म्हणतो आणि उत्तरायणात अगाशीवर तिसराच पतंग उडतो. मुलांचा गोंधळ व्हायचाच. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या असतात. बाकी नातं सख्खं.

फ्लॅटच्या गॅलरीत काय लावू?

कढीपत्ता, लिंबू, कृष्णकमळ. ऊन असेल तर कोरांटी. घोळ कुंडीत आपोआप उगवते, ती उपटू नका. भाजी करायची तर अर्धी करा, अर्धी डॅनेड एगफ्लायला. फुलं लावलीत तर मोठी पाहुणी येतील, पण मुक्काम करणार नाहीत. मुक्कामाला पानं लागतात. औषध मारायचं असेल तर हे काहीच लावू नका, बोलावून विष घालण्यासारखं होईल.

रविवारी किती वाजता यायचं?

फुलांच्या घड्याळापाशी. जानेवारीत साडेनऊला, कारण त्याआधी फुलपाखरंच उठलेली नसतात. एप्रिलपासून सात वाजता. पावसाळ्यात पाऊस थांबून ऊन पडलं की व्हॉट्सअॅपवर कळवते, पंधरा मिनिटांत पोचा. डबा आणा. केळ्याची सालं टाकू नका, ती आम्ही झाडाखाली ठेवतो, ईव्हनिंग ब्राउनसाठी.